गार झाल्यावरचं माप

मशीनवरून उतरलेला लोखंडी जॉब टेबलावर आला की दादा लगेच मापाचं गेज हातात घेत नसत. आधी उजव्या हाताची मागची बाजू जॉबला लावायचे, आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तशी, आणि म्हणायचे, "गरम हाय. गार होऊ द्या."

नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत आमचा कारखाना होता. ट्रॅक्टरला लागणारे शाफ्ट आम्ही बनवायचो. ते तिथे तपासनीस होते. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणायचो. लोखंड गरम असताना फुगतं, तेव्हाचं माप खोटं निघतं, हे कारखान्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण दारात ट्रक उभा असताना आणि मॅनेजर डोक्यावर नाचत असताना ते पाळायचं म्हणजे कठीण काम. मी माल पाठवण्याच्या खात्यात होतो. दादांच्या नावाने मी रोज किती बोटं मोडली असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

बरं, हा नियम लोखंडापुरता असता तर चाललं असतं. एकदा कँटीनमध्ये दोन कामगार एकमेकांच्या अंगावर धावून गेले. त्यांना दादांपुढे आणलं. दादांनी त्यांना एकाच बाकड्याच्या दोन टोकांना बसवलं आणि स्वतः चहा प्यायला निघून गेले. चांगले निवांत परत आले, तर दोघं एकाच काडीवर विड्या पेटवून बसलेले. स्कूटर घ्यायची ठरवली तेव्हाही त्यांनी तो विचार इतका गार होऊ दिला की त्या जातीची स्कूटर निघायचीच बंद झाली. मग ते सायकलवरच राहिले आणि वर मलाच म्हणाले, "बघा, घेतली असती तर आता पार्ट कुठं मिळालं असतं?"

आम्ही एकाच कॉलनीत राहायचो. दादांची बायको लवकर गेली होती. घरी एकुलती एक मुलगी, मित्रा. शिकून प्राथमिक शाळेत शिक्षिका झालेली. त्याच शाळेतल्या विलास नावाच्या शिक्षकाशी लग्न करायचं तिने ठरवलं. विलास पाथर्डीकडच्या शेतकरी घरातला, मराठा. दादांचं घर बौद्ध. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. मित्राने हिय्या करून वडिलांना सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाले, "गार होऊ दे."

त्याला दोन पावसाळे उलटले तरी ते गार होईना. शेवटी मित्रा माझ्याकडे आली. "काका, ते नाही म्हणाले असते तर मी भांडले तरी असते," ती म्हणाली. "काहीच म्हणत नाहीत, त्याचं काय करू?"

मी दादांकडे विषय काढला. त्यांनी हातातला पेपर घडी घालून ठेवला. मग म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, भाऊसाहेब. पन लगीन एकट्या पोराशी होतं का? त्याची आई माज्या पोरीला चुलीपाशी येऊ दील का? तेवडं सांगा, मी आत्ता व्हय म्हनतो."

मी उठून घरी आलो.

त्याच सुमारास दिल्लीजवळच्या एका गिऱ्हाइकाने आमचा माल नापसंत केला. तो तिथे जाऊन बघायला मला आणि दादांना पाठवलं. जाताना रेल्वेने गेलो. पण इकडे नवा माल दादांच्या टेबलावर खोळंबला होता, म्हणून येताना मालकांनी जिवावर उदार होऊन विमानाची तिकिटं काढायला सांगितलं. दिल्ली ते पुणे. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. हवाई सुंदरीने गोळ्या आणि कानात घालायला कापूस आणून दिला. दादांनी कापूस खिशात ठेवला, घरी उपयोगी पडेल म्हणून. मी मनाशी ठरवलं होतं, आज माणूस पट्ट्याने बांधलेला आहे, उठून जाऊ शकत नाही, आज मित्राचा विषय पुरता काढायचा.

विषय काढायची वेळ आलीच नाही. चहाची ढकलगाडी आमच्या रांगेशी आली असेल-नसेल, तोच उजवीकडे धाडकन आवाज झाला. विमान थरथरलं, आणि इतका वेळ कानात भरून राहिलेली घरघर एका बाजूने बंद पडली. हवाई सुंदरीने भरलेले कप परत गोळा केले. तिचं हसू तसंच होतं, पण सांडलेला चहा तिने पुसला नाही. मग कॅप्टनचा आवाज आला. एका इंजिनात बिघाड झाल्याने ते बंद केलं आहे, विमान दुसऱ्या इंजिनावर चालू शकतं, आपण दिल्लीला परत जात आहोत, कृपया शांत राहा.

आमच्या पुढच्या रांगेतले सफारीवाले गृहस्थ मोठ्याने जप करू लागले. मागे एक बाळ रडत होतं. माझं म्हणाल तर खुर्चीचा दांडा मी असा धरला होता, जणू विमान मीच पेलून धरलं आहे. दादांनी हाताची मागची बाजू हळूच खिडकीशेजारच्या पत्र्याला लावली.

"गरम न्हाई," ते म्हणाले.

मला हसू आलं. त्या अवस्थेत ते कसं आलं, देव जाणे.

मग ते बाहेर बघत बसले. विमान हळूहळू वळत होतं. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघताच म्हणाले, "भाऊसाहेब, मी पोरीला न्हाई म्हनलेलो न्हाई."

"नाहीच म्हणालात."

"पन व्हय बी म्हनलेलो न्हाई. आता हे खाली पडलं तर तिनं काय समजायचं? बापाच्या मनात न्हाईच हुतं, असंच समजंल ती. जलमभर तेच धरून बसंल." आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माजं व्हय हाय. तुमी वाचला तर तिला सांगा."

विमान पडलं तर मी कसा वाचणार, हा प्रश्न तेव्हा दोघांपैकी कुणालाच सुचला नाही. मी मान हलवली. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं भान मला नव्हतं.

विमान दिल्लीला नीट उतरलं. धावपट्टीच्या कडेने आगीचे बंब पळत होते. चाकं टेकली तशी लोकांनी टाळ्या वाजवल्या, सफारीवाल्यांनी अनोळखी शेजाऱ्याला मिठी मारली. आम्हाला एका हॉलमध्ये बसवलं, सँडविच दिली, उद्या सकाळी दुसरं विमान आहे म्हणून सांगितलं. कोपऱ्यात टेलिफोनचं बूथ दिसलं. मी उठलोच.

"चला दादा, मित्राच्या शाळेत फोन लावू."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुमचा होकार कळवायला."

ते सँडविच उलगडून आत काय आहे ते बघत होते. शांतपणे म्हणाले, "थांबा जरा. ते गरम माप हुतं."

मी इतका संतापलो की काय सांगू! विमानात डोळ्यांत पाणी आणतो हा माणूस आणि जमिनीवर पाय टेकताच उलटतो? मी तिथेच आवाज चढवून त्यांना बोललो. मुलीच्या जिवाशी खेळता म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बोला, तुमचा हक्क हाय," ते म्हणाले. "पन भ्याल्यालं मानूस काय बी देऊन बसतं. उद्या भ्या गेलं आन् मला पस्तावा झाला, तर तो पोरीला माज्या तोंडावर दिसंल. तसला होकार तिला नगं."

मी त्यांच्याशी बोलणंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुण्यापर्यंत विमानात आणि पुढे नगरच्या एसटीत मी तोंड फिरवून बसलो होतो. मित्राला काय सांगायचं, हीच चिंता मला खात होती. शिरूरला गाडी थांबली. दादा खाली उतरले, दोन चहा घेऊन आले आणि एक खिडकीतून माझ्या हातात दिला.

"भाऊसाहेब, रातभर बघितलं. सकाळी परत विमानात बसताना बघितलं. आता जमिनीवर बी बघतोय," ते म्हणाले. "माप तेच येतंय."

नगरला उतरल्यावर ते घरी गेलेच नाहीत. बॅगा घेऊन आम्ही थेट शाळेवर गेलो. मधली सुट्टी होती. विलास डबा अर्धा टाकून फाटकापाशी धावत आला, मागून मित्रा. दादा मुलीशी बोललेच नाहीत. विलासला म्हणाले, "रविवारी घरी या. आईला बी आना." मित्राने फाटकाची सळई घट्ट धरली होती आणि ती पोरांसमोर रडत होती.

रविवारी विलास वडिलांना घेऊन आला. आई आली नाही. लग्नालाही आली नाही. पुढे सणावाराला मित्रा गावी जायची, तेव्हा तिचा चहा ओसरीवरच यायचा. परत आली की दादा एवढंच विचारायचे, "चुलीपाशी गेल्ती का?" ती म्हणायची, "नाही." ते म्हणायचे, "बरं." आणि पेपर उघडायचे. होकार दिल्याचा पस्तावा मात्र मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नाही, आणि मी नीट बघत असे.

दादा निवृत्त झाले आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात झोपेतच गेले. स्मशानातून परतलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. मित्रा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. दुपार टळल्यावर पाथर्डीच्या गाडीने विलासची आई आली. एकटीच. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. दारात क्षणभर थांबली. विलास उठून उभा राहिला. ती त्याच्याकडे न बघता सरळ आत गेली आणि मित्राशेजारी खाली बसली.

भाकरीचं गाठोडं तिने दोघींच्या मध्ये ठेवलं.

मग ती म्हणाली, "पोरी, लई ऊन हुतं वाटंला. तुज्या हातानं प्यायला पानी दे."

मित्रा उठली. माठाशी गेली, तांब्या भरताना तिच्या हातून पाणी सांडलं. त्या बाईने तांब्या दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि न थांबता संपवला. मी दाराशी उभा होतो. दादांची खाट बाहेर नेलेली, त्यामुळे खोलीचा तो कोपरा रिकामा होता, आणि मी तिकडेच बघत राहिलो.