शेवंताक्का आणि पोटातली नळी

"उठा, उठा, अज्जी! बेड मोकळा करा, पुढचा पेशंट लिफ्टात हाय!" सिस्टर ओरडली.

"आगं, माझं पाय तरी जमिनीला लागू देत! का खिडकीतनं टाकतीस मला?" शेवंताक्का तिच्या दसपट आवाजात ओरडली. खालच्या मजल्यावर अडलेल्या एका बाळंतिणीची त्या आवाजानंच सुटका झाली, हे मी आजही शपथेवर सांगतो.

शेवंताक्का बेळगावच्या वडगावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. पुढच्या सोप्यात पॉवरलूम. सगळा जन्म मागांच्या खडखडाटावर मात करून बोलण्यात गेला, त्यामुळं हळू बोलणं म्हणजे काय ते तिला ठाऊकच नाही. ती गुपित सांगू लागली की टिळकवाडीतले वकील खिडक्या लावून घेतात. एकदा तिनं भिंतीपलीकडून "सुऱ्या, च्या प्यायला ये रं" म्हणून हाक मारली, तर दहा-बारा कोसांवरच्या गुंजी स्टेशनावर गाडीची वाट बघणारे तीन सुरेश कपबशी मागत दारात आले.

"तोंड दिलंय देवानं ते इचारायला," हे तिचं नेहमीचं. मेथी कुठल्या शेतातली, हे विचारल्याशिवाय ती जुडी उचलत नाही. अशा बाईच्या पोटात डॉक्टरांनी प्लास्टिकची नळी ठेवली आणि तिलाच सांगितलं नाही. बाकीचं मी थोडं फुगवून सांगत असेन, हे नाही.

झालं होतं असं. मुतखड्यानं हैराण झाली म्हणून तिला बेळगावातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. दुर्बीण घालून खडा फोडला. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले, मागं वरात. सगळे तिच्या डोक्यावरून आपसात इंग्रजी बोलत होते.

"डॉक्टर, काय केलासा मला? मराठीत सांगा न्हायतर कन्नडात सांगा, दोन्ही येतंय मला."

"एल्ला आय्तु, अज्जी," डॉक्टर म्हणाले. सगळं झालं. 'अज्जी' म्हणेपर्यंत ते पुढच्या खाटेपाशी पोचलेसुद्धा.

लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून आत नळी ठेवलीय, काही आठवड्यांनी काढून घ्यायला या. एवढंच सांगायचं होतं. त्या वरातीत डझनभर शिकलेली तोंडं होती. एकाही तोंडातून ते बाहेर पडलं नाही. फाइल होती, ती विम्याच्या खिडकीनं ठेवून घेतली. "झेरॉक्स मागनं न्या," म्हणाले, आणि आम्हाला धान्याच्या पोत्यासारखं बाहेर ढकललं.

मी तिची चाकाची खुर्ची ढकलत निघालो. दवाखान्यातून घरी निघालेल्यानं 'येतो' म्हणायचं नाही आणि मागं वळून बघायचं नाही, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. वळून बघणारा परत त्याच खाटेवर येतो. आम्ही लिफ्टपाशी पोचलो आणि पार दुसऱ्या टोकाकडून "अज्जीऽऽ!" अशी हाक आली. पुढचे शब्द स्ट्रेचरच्या चाकांत चिरडून गेले.

"वळू नगंस," आक्का दातओठ खात म्हणाली. "मागं बघितलास तर तंगडं मोडीन. घरला जाणाऱ्याला मागनं हाक मारत्यात व्हय?"

आयुष्यात पहिल्यांदाच ती काही न विचारता पुढं गेली.

पुढं दीड वर्ष तिची कंबर ठणकत होती, लघवीला आग होत होती. दाखवून ये म्हटलं की खेकसायची, "चिरा न्हाय, टाका न्हाय, काढायचं ऱ्हायलंय काय आत? सगळं झालं म्हटलाय की त्यो!" धण्याचं पाणी पीत मागासमोर उभी राहायची. शेवटी निपाणीला लेकीकडं गेली असताना ताप भडकला, तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि कपाळाला हात लावला. नळी आतच, तिच्यावर खड्यांची पुटं चढलेली. उजवी किडनी कामातून गेली होती. काढावी लागली.

शुद्धीवर आल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. "सुऱ्या, आत व्हती तर सांगितलं का न्हाईत रं?" मला कान तिच्या तोंडापाशी न्यावा लागला.

तोच प्रश्न घेऊन मी बेळगावच्या दवाखान्यात शिरलो आणि असा आवाज लावला की छताचे पंखे उलटे फिरू लागले.

"आम्ही हाक मारली होती," सिस्टर म्हणाली. "त्या थांबल्या नाहीत."

हाक! बाजारात विसरलेली पिशवी होती का ती? माणसाच्या पोटात वस्तू ठेवता आणि ते मागून ओरडून सांगता? चार पावलं पुढं येऊन, तिच्या तोंडासमोर उभं राहून सांगितलं असतं तर तुमच्या फरशीची काय झीज झाली असती?

मी तसाच मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत घुसलो. "तुम्ही एक वाक्य बोलला नाहीत, त्यापायी आमच्या आक्काची किडनी गेली!" म्हणून टेबलावर हात आपटला.

डॉक्टरांनी निपाणीचे रिपोर्ट उलटसुलट चाळले. मग चष्मा काढून पुसला.

"दुसरी चांगली आहे," ते म्हणाले.