मळ्या माशाचे दगड

ओढ्यातल्या मळ्याला आमच्या गावाने फसवले. मळ्या म्हणजे बोटाएवढा मासा; दगडाला चिकटून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खातो. देवळामागच्या डोहात मासा धरायचा नाही, ही जुनी रीत. ती गावाने अजूनही मोडलेली नाही. फक्त खोलीकरणात जेसीबीने तळातले दगड उचलून काठाला रचले.

मी बाजारात पै-पैशासाठी भांडून वर आलो, त्यात माणसे तुटली. दुपारी डोहात पाय सोडले की मळ्ये टाचा कुरतडायला येत. आपण होऊन माझ्याजवळ येणारे तेवढेच उरले होते.

आज तासभर बसलो. पाणी नितळ होते आणि एकही आला नाही. पुलावरून सरपंच म्हणाले, “अण्णा, देवाशपथ, कुणी एक मासा धरलेला नाही.”

“मग गेले कुठे?”

“वरच्या अंगाला गेले असतील.”

“वर सकाळीच बघून आलो. तिथलेही दगड काठावर आहेत.”

ते निघायला वळले. मी पाय काढले नाहीत. म्हटले, “दगड काढायच्या कागदावर सही ज्याची आहे, त्याला इथे पाठवा. माझ्या शेजारी पाय सोडून बसू दे आणि देवाचा मासा कुठे गेला ते सांगू दे.”