बिस्किटचे कान

डेल्मर स्टोक्स टीव्हीवर किती वेळा मेला, ते देवालाच ठाऊक. मध्यंतराआधी काळ्या मिशीत मरायचा, मध्यंतरानंतर लाल दाढी चिकटवून पुन्हा हजर, आणि शेवटच्या मारामारीत पुन्हा आडवा. प्रेक्षकांना कधी पत्ताच लागला नाही. लागणार कसा? स्टंटमनचा चेहरा दिसला की दिग्दर्शक बोंबलायचा.

मी ओपल. आमच्या मालिकेचा कपडेपट माझ्याकडे होता. आमचा नायक दातांचा डॉक्टर. घोडागाडीतून गावोगाव हिंडून दात उपटायचा आणि आतून सरकारचा गुप्तहेर. त्याच्या बुटाच्या टाचेत दुर्बीण, दंतमंजनाच्या डबीत धूर, खुर्चीखाली तोफ. घोडे, टोप्या, पिस्तुलं जुन्या पश्चिमेची आणि भानगडी सगळ्या हेरांच्या. नुसता मूर्खपणा! पण सदुसष्ट साली अख्खी अमेरिका दर बुधवारी तो मूर्खपणा डोळे फाडून बघायची, आणि आमच्या चुली त्याच्यावर पेटायच्या.

डेल्मर लहानपणी आईबापांबरोबर बेकर्सफील्डकडे कापूस वेचायचा. "कापसापासून पळत सुटलो तो थेट लॉस एंजेलिसला येऊन पडलो," असं सांगायचा, "आणि तेव्हापासून पडतोच आहे." छपरावरून पडायचा, जिन्यावरून पडायचा, पळत्या घोड्यावरून तर असा पडायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. उठला की पहिला माझ्याकडे यायचा आणि फाटलेली बाही पुढे करून दात काढायचा. मी शिव्या घालत टाके घालायची.

तो बहिरा झालाय, हे मला असंच एकदा कोटाचं माप घेताना कळलं. मी पाठीमागे उभी. "हात वर कर," म्हटलं. ढिम्म. पुन्हा म्हटलं. ढिम्म. माझं डोकं फिरलं, मी टाचणी टोचली.

"आई गं! जीव घेतेस का?"

"कधीपासून ऐकू येत नाही तुला?" मी त्याला वळवून विचारलं.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आधी जाऊन दार लावून आला. इतकी वर्षं कानाशी पिस्तुलं झाडून घेतली होती, बार उडवून घेतले होते. डावा कान पार गेला होता. उजव्यात थोडी धुगधुगी होती, तीही समोरच्यानं तोंडाशी येऊन बोललं तर.

"क्लेटनला सांगू नकोस," तो म्हणाला. "तुझ्या पाया पडतो, ओपल."

क्लेटन म्हणजे आमच्या स्टंटवाल्यांचा मुकादम. कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, सगळं त्याच्या हातात. माणूस वाईट नव्हता. पण बहिऱ्या स्टंटमनला कोण ठेवील? तो स्वतः मरेल आणि दुसऱ्यालाही घेऊन जाईल. इकडे डेल्मरच्या बायकोला, लव्होनला, रक्ताचा कर्करोग. इस्पितळाचा सगळा भार युनियनच्या विम्यावर, आणि विमा हाताला काम असेपर्यंतच.

"काम गेलं की विमा गेला, विमा गेला की लव्होन गेली," डेल्मर म्हणाला. "मी दुसरं काय करू? पडण्याशिवाय मला येतं काय?"

मारामारीत तो समोरच्याचा खांदा बघून चालवून न्यायचा. घोड्यावर असला की मात्र त्याचा सगळा कारभार बिस्किटवर. बिस्किट म्हणजे आमचा तांबूस घोडा, महा लबाड. 'ॲक्शन' हा शब्द त्याला पक्का पाठ. तो शब्द पडला की आधी दोन्ही कान टवकारणार, मग अंगाला झटका देणार आणि सुटणार. क्लेटन त्याच्या नावानं खडे फोडायचा, कारण कोणी गप्पा मारताना तो शब्द उच्चारला तरी स्वारी निघालीच. डेल्मर त्याचे कान बघूनच टाच मारायचा. लव्होन धडधाकट होती तेव्हा खास त्या घोड्यासाठी ओटची बिस्किटं भाजून पाठवायची. त्याचं नाव त्यावरूनच पडलं.

हंगामाचा शेवटचा भाग आला. आम्ही लॉस एंजेलिसबाहेरच्या टेकड्यांत, वाळवंटाकडून गरम वारा सुटलेला, तोंडात नुसती धूळ. खलनायक दारूगोळ्यानं भरलेल्या खोपटाशेजारून घोडा फेकत पळतो आणि त्याच्या पाठीमागे खोपट उडतं, असा प्रसंग. खलनायक म्हणजे पळताना अर्थात डेल्मर, या वेळी करड्या दाढीत.

क्लेटन त्याला समजावत होता आणि डेल्मर त्याच्या ओठांवर नजर रोवून उभा होता. "'ॲक्शन' ऐकलंस की टाच मार. खोपट उडवणारा बारवालाही त्याच शब्दापासून आकडे मोजणार आणि कळ दाबणार. तो काही तुझ्याकडे बघत बसणार नाही. उशीर केलास तर खोपटाशेजारी भाजलेला बटाटा होशील."

"मरायला उशीर केलाय का मी आजवर कधी?" डेल्मर म्हणाला. सगळे खोखो हसले.

तेवढ्यात लासारो कापूस घेऊन आला. लासारो आमचा मोतद्दार. मोठा बार असला की घोड्याच्या कानांत कापसाचे बोळे घालायचे, ही आमच्याकडची रीतच. घोडा बिथरू नये म्हणून. माणसाच्या कानात कोणी घालत नसे, कारण माणसानं हुकूम ऐकायला हवा ना! मी त्या बोळ्यांकडे बघितलं, मग बिस्किटच्या कानांकडे. डेल्मरनंही बघितलं.

"राहू दे रे आज, लासारो," तो म्हणाला. "बिस्किट कुठे भितोय?"

"मी कापूस घालतो म्हणून भीत नाही, महाराज!" लासारोनं बोळे नीट खोल बसवले आणि घोड्याच्या कपाळावर थाप मारली. "तुम्ही आपली दाढी सांभाळा."

मी कोटाची बटणं लावायच्या निमित्तानं डेल्मरच्या समोर गेले आणि आवाज न काढता ओठ हलवले. "क्लेटनला सांग. आत्ताच्या आत्ता सांग."

"लव्होनला सोमवारी दाखल करायचंय," तो पुटपुटला. "आज कसं सांगू?"

मी खिशातला लाल रुमाल काढला. "मग मी त्या समोरच्या दगडापाशी उभी राहते," मी म्हटलं. "शब्द पडला की हा लाल रुमाल हलवते. माझ्याकडेच बघ."

त्याचे डोळे भरून आले. "हलू नकोस हं तिथून," एवढंच म्हणाला.

मी दगडापाशी जाऊन उभी राहिले खरी, पण सहायक दिग्दर्शक, वयानं नुसतं शिंगरू, लगेच बोंबलत आला. "ओ कपडेवाल्या बाई! कॅमेऱ्यात दिसताय तुम्ही! दातांच्या डॉक्टरच्या काळात तुमचा प्लॅस्टिकचा चष्मा कुठून आला?"

"त्याच्या कोटाचं बटण सुटलंय, मला बघू दे," मी थाप मारली.

"बटण गेलं खड्ड्यात!" त्यानं माझं कोपर धरलं आणि फरपटत कॅमेऱ्यामागे आणून सोडलं. मी मागे वळून बघितलं. डेल्मर घोड्यावर बसून त्या रिकाम्या दगडाकडे बघत होता. मग तो पुढे वाकला. बिस्किटच्या मानेवर आडवा झाला आणि त्याच्या डोक्यावरून, कानांवरून हात फिरवत राहिला. मला वाटलं, निरोप घेतोय. मला राहवेना. मेला विमा, मेलं गुपित! मी "क्लेटन, थांबव! थांबव रे!" असं ओरडत धावले. पण वारा तोंडावर, आणि तेवढ्यात कर्ण्यातून आलंच. "ॲक्शन!"

बिस्किटचे कान टवकारले. डेल्मरनं टाच मारली आणि दोघं बाणासारखे सुटले.

मी जागच्या जागी थिजले. घोड्यानं ऐकलं कसं? पण ते खोपट ओलांडून गेले, अगदी वेळेवर, आणि पाठीमागे बार उडाला. जमीन हादरली. पळता पळता बिस्किट किंचाळला, हवेतच वाकडा झाला आणि उतारावर कोसळला. डेल्मर गोळा होऊन लांब लोळत गेला, इतकी वर्षं लोळत आला तसाच.

"कट! वा, वा, झकास!" दिग्दर्शक टाळ्या पिटत होता. "घोडा काय पडलाय! असं सांगूनसुद्धा होत नाही!"

बिस्किट उठायला बघत होता. त्याचा पुढचा पाय लोंबत होता.

लासारो धावत गेला, घोड्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडला, "कापूस कुठाय? मी स्वतःच्या हातानं घातला होता!"

"गळाला असेल," क्लेटन म्हणाला. "नीट घालत जा ना, लेका."

"दोन्ही कानांतला गळाला?" लासारो रडायलाच लागला.

मी डेल्मरला कपड्यांच्या गाडीआड नेलं. कोट काढला. खांदा सोलला होता, बाकी धड होता. उजवी मूठ मात्र उघडेना. मी बोटं उलगडली. आत घामानं भिजलेले कापसाचे दोन बोळे.

माझा संताप संताप झाला. मी त्याच्या छातीवर गुद्दे मारले. "मेल्या! त्यानं तुला स्वतःचे कान दिले रे! आणि तू त्यालाच..."

तो माझे ओठ वाचत उभा होता. "तू दगडापाशी नव्हतीस," तो म्हणाला. "मी काय करायला हवं होतं? सांग ना, ओपल. काय करायला हवं होतं?"

क्लेटन येताना दिसला. मी ते बोळे त्याच्याच मुठीत परत दाबले.

क्लेटन कॉफीचा पेला घेऊन आला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून समोर उभा राहिला. "शाब्बास! दिग्दर्शक खूश आहे. पुढच्या हंगामात पहिलं नाव तुझं." डेल्मरनं मान डोलावली. मूठ पुन्हा आवळली होती. म्हणजे विमा राहिला, लव्होनचा सोमवार राहिला. क्लेटननं उताराकडे बघितलं, परत आमच्याकडे तोंड केलं आणि आवाज खाली आणला. "घोड्याचा मोडका पाय जुळत नाही. लासारो बंदूक आणायला गेलाय. तुम्ही बघू नका."

डेल्मर उताराकडे पाठ करून उभा राहिला आणि डोळे गच्च मिटून घेतले.

बंदूक खरी होती, आमच्या खोट्या पिस्तुलांसारखी नव्हे. गोळीचा आवाज टेकड्यांवर आपटून परत आला. मी दचकले. दिग्दर्शक दचकला. क्लेटनच्या हातावर कॉफी सांडली. झुडपांतले कावळे ओरडत उडाले.

डेल्मर तसाच उभा. खांदे कानांपर्यंत आखडलेले, डोळे मिटलेले. वाट बघतोय, बघतोय. शेवटी डोळे न उघडताच म्हणाला, "ओपल, लासारो एवढा वेळ का लावतोय गं? बिस्किटला किती दुखत असेल."

क्लेटननं त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या मुठीतून डोकावणारा कापूस बघितला, मग मला बघितलं. पेला गाडीच्या पायरीवर ठेवला. डेल्मरच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला, त्याच्या दंडाला हात लावला आणि तो डोळे उघडेपर्यंत थांबला.

"झालं, डेल्मर," तो सावकाश म्हणाला, ओठ नीट दिसतील असा. "केव्हाच झालं."