चहापुरती भेट

बिल्डिंगमध्ये सगळे तिला वहिनी म्हणायचे, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. तिच्या नवऱ्याला सगळे पाववाले म्हणत. तो पाव विकत नव्हता, बेकरीत रात्रभर पीठ मळायच्या यंत्रावर उभा असायचा. पण लोकांना एवढ्या बारकाव्यात शिरायला वेळ कुठे असतो?

वहिनी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. जाडजूड बाई, दंड भरलेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. वॉर्डातल्या चादरी, ऑपरेशनचे हिरवे झगे, उशांचे अभ्रे, सगळं गाड्या भरभरून तळघरात यायचं आणि ब्लीचच्या पाण्यात पडायचं. नव्याने लागलेल्या बायका पहिल्या आठवड्यात नाकाला पदर लावून खोकत असत, डोळे पुसत असत. वहिनी हसायची. "काही नाही गं, नाकच मरतं मग," म्हणायची. तिचं केव्हाच मेलं होतं. घरी दूध करपलेलं तिला धूर दिसल्यावर कळायचं.

ती सकाळी उठून कामावर जायची, तो लगेच मागोमाग बेकरीतून यायचा. ती संध्याकाळी परत यायची, तो दिवसभर झोपून तेव्हा उठायच्या बेताला असायचा. मुलगी लहान असताना ही सोय लावली होती. घरात कोणीतरी एक कायम हवं, पोर शेजाऱ्यांच्या दारात बसायला नको, एवढाच विचार. मुलगी मोठी झाली, लग्न करून लांब गेली, पण पाळ्या काही बदलल्या नाहीत. बदलायच्या असतात हे दोघांच्या डोक्यातच आलं नाही. सुट्टीचे वारही वेगळे. संसार म्हणाल तर संध्याकाळचा एक चहा. ती यायची, चहा टाकायची, त्याला हलवून उठवायची, दोघं स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी समोरासमोर बसायची आणि कप रिकामे झाले की तो चपला घालायचा.

बाकीचा संसार खुणांवर चालायचा. सिंकमधला कप बघून तिला कळायचं की त्याने सकाळचा चहा घेतला. साबणाची वडी ओली असली की आंघोळ झाली. त्याला उठवताना पांघरुणाखाली हात घातला की गादीच्या उबेवरून समजायचं की आज झोप छान लागली होती. कित्येक नवराबायको दिवसभर समोर असूनही एकमेकांना इतकं ओळखत नाहीत, असा तिला थोडा गर्वही होता.

ग्रीसच्या बेटाचं खूळ त्याचं. बेकरीत कुणीतरी टाकून दिलेलं प्रवास कंपनीचं रंगीत पुस्तक तो पिठाच्या हातांनीच घरी घेऊन आला. त्यात बंदरावरच्या एका गावाचा फोटो होता. पांढरी घरं, निळ्या खिडक्या, पाण्याच्या काठाला टेबलंच टेबलं आणि माणसांची ही गर्दी. वाजवणारे, नाचणारे, नुसतेच हातवारे करून भांडणारे.

"हे बघ," तो म्हणाला, "इथे रात्री कोणी झोपत नाही. दुकानं उघडी, गाणी चालू, पोरंबाळं रस्त्यावर. माझ्यासारख्या घुबडाची सोय आहे."

"आणि मी काय करू? मी जेवले की डोळे मिटते."

"तुला जागी ठेवायला एवढी माणसं ओरडतायत की."

त्या दिवसापासून चहाबरोबर ते पुस्तक टेबलावर यायला लागलं. उतरायचं कुठे, बंदराजवळ की टेकडीवर, यावर त्यांची खरीखुरी भांडणं झाली. त्याला बंदराजवळची खोली हवी होती, आवाज ऐकू येणारी. ती म्हणायची, आयुष्यभर यंत्रांचा खडखडाट ऐकला तो पुरे नाही का झाला? मग तीच दुसऱ्या दिवशी म्हणायची, बरं, बंदराजवळच घेऊ, गाण्याचा आवाज वेगळा असतो. दोघांच्या रजा जुळल्या तेव्हा तर तिला लाज वाटेल इतका आनंद झाला. आपल्या नवऱ्याबरोबर सलग दिवस काढायचे, सकाळ, दुपार, रात्र, सगळं, हे तिला लग्न ठरल्यासारखं वाटत होतं.

एकदा ती त्याला चिडवत म्हणाली, "आपलं तिथे काय होणार ते मला दिसतंय. तुम्ही रात्री नाचणार नि दिवसा घोरणार. मी दिवसा एकटी समुद्रात डुंबणार. भेट होईल ती हॉटेलच्या जिन्यात. आणि तुम्ही जागे असलात तरी काय उपयोग? तुम्ही बादलीतल्या पाण्यालाही घाबरता."

तो हसला. पण कपातला शेवटचा घोट नुसताच फिरवत राहिला. तिने ते पाहिलं आणि सोडून दिलं.

त्यानंतर खुणा बदलल्या.

आधी गादी. पांघरुणाखाली हात घातला तर गादी गार. माणूस आत आहे, डोळे मिटलेले आहेत, पण आत्ताच येऊन पडल्यासारखा. दुसऱ्या दिवशी त्याचे केस ओले होते आणि न्हाणीघर कोरडं ठाक. मग त्याची मान रापलेली दिसली. दिवसा झोपणाऱ्या माणसाची मान रापते कशी? कंगवा जागेवर नव्हता. आणि तो चहा पिताना स्वतःशीच हसत होता. तिने वर पाहिलं की हसू गिळत होता.

वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या कुठल्यातरी न्हाणीघरात हा माणूस रोज अंग धुऊन येतो. कोणाच्या, एवढंच ठरायचं होतं. तिने मनातल्या मनात बेकरीतल्या पॅकिंगच्या बायका एकेक करून उभ्या केल्या. विचारायला तोंड होतं, वेळही होता, निदान एका चहापुरता. पण ती मूग गिळून बसली. विचारलं आणि तो हो म्हणाला तर? मग बेट कसलं आणि चहा कसला. आणि विचारायचं तरी कशाला, असा तिला ताठाही होता. ज्याने केलं त्याने सांगावं.

ती चहा मुकाट्याने पुढे ठेवायला लागली. पुस्तक उघडेनाशी झाली. त्याने उघडलं तर "हं" म्हणायची. आतून मात्र तिचं रक्त आटत होतं. चादरी पिळताना तिच्या हातांना एवढा जोर यायचा की बरोबरच्या बायका बाजूला सरकायच्या. त्याचा चेहरा उतरत चालला होता, डोळे खोल गेले होते, हे तिला दिसत होतं. दोन्हीकडे संसार करायचा म्हणजे दमायला होणारच, असं ती कडवटपणे म्हणायची, अर्थात मनात.

एका संध्याकाळी ती आली तर तो पलंगावर नव्हताच. टेबलाशी खुर्चीत बसल्या जागी झोपला होता, पायात बूट तसेच, केसांचं पाणी कॉलरवर उतरलेलं, हनुवटी छातीवर. तिने खांद्याला धरून हलवलं. जरा जोरातच हलवलं.

त्याने डोळे उघडले, पण त्याला ते उघडे ठेवता येत नव्हते. "आज अंग फार जड झालंय गं," तो म्हणाला. "दांडी मारू का? दोघं बसू घरी. तुला एक सांगायचंही आहे."

तिला वाटलं, आला तो क्षण. आता सांगणार.

"मला काही ऐकायचं नाही," ती म्हणाली. "मी दमून आलेय. जा तुम्ही कामावर."

तो उठला. मग तोंडावर पाणी मारून आला, डबा उचलला आणि निघाला. त्या दिवशी तिने चहासुद्धा टाकला नव्हता.

पीठ मळायच्या यंत्राच्या भांड्याला कडेने पीठ चिकटतं. यंत्र थांबवून ते खरवडायचं असतं. पण थांबवलं की पुढचे सगळे घाणे मागे पडतात, म्हणून बेकरीत सगळेच ते चालू यंत्रात हात घालून खरवडत. लोखंडी हात फिरून येण्याआधी आपला हात बाहेर घ्यायचा, एवढंच जमावं लागतं. पाववाल्यांना ते वर्षानुवर्षं जमत होतं. त्या पहाटे जमलं नाही. उभ्या उभ्या डुलकी लागली, असं बेकरीच्या मुकादमाने नंतर सांगितलं. सांगताना तो वहिनीकडे बघत नव्हता.

त्याला तिच्याच हॉस्पिटलमध्ये आणलं. इतकी वर्षं ती मागच्या दाराने तळघरात जात आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा ती पुढच्या दाराने आत शिरली आणि तिला वॉर्ड सापडेना. उजवा हात कोपराच्या वरून काढून टाकावा लागला होता.

नणंद धावत आली. दोन गल्ल्या पलीकडे राहायची, त्याची थोरली बहीण, जिभेला हाड नसलेली पण कामाला वाघ. त्याचे कपडे घ्यायला दोघी घरी आल्या. कपाटाच्या तळाशी, जुन्या ब्लँकेटच्या मागे एक पिशवी होती. नणंदेने ती ओढली, तोंड उघडलं आणि मान मागे घेतली.

"अगं बाई. तलावाचा केवढा वास येतोय. हा पोहायला कधीपासून जायला लागला?"

"कसला वास?" वहिनी म्हणाली.

"कसला म्हणजे? ब्लीचचा. पोहायच्या तलावात टाकतात ते. उशीलाही येतोय बघ. तुझ्या नाकाखाली होता की रोज."

पिशवीत ओला टॉवेल होता, पोहायची चड्डी होती आणि लहान मुलं दंडाला लावतात तसले हवेचे दोन फुगे. वहिनीने टॉवेल नाकाशी धरला. खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला. तिला काही म्हणजे काही कळलं नाही. मग ती पलंगावर बसली आणि टॉवेल तोंडावर दाबून रडली. नणंद पाठीवरून हात फिरवत होती, तिला वाटत होतं हे रडणं हातासाठी आहे.

तो शुद्धीवर आला, बोलायला लागला, तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तलावाची गोष्ट सांगायचा. बेकरीतून आलं की कसंबसं दुपारपर्यंत झोपायचं आणि तलावावर जायचं. म्हणजे दिवसा जागं राहायची सवयही होईल आणि पाण्याची भीतीही जाईल, एका दगडात दोन पक्षी. शिकवणारा मुलगा कसा ओरडायचा, पाण्यात तोंड घालताना कशी फाटायची, सगळं सांगायचा. शेवटच्या दिवशी तो पहिल्यांदा फुग्यांशिवाय तरंगला होता.

"तेच हिला सांगायचं होतं त्या दिवशी," तो मुकादमाला म्हणाला. "बेटावर जाईपर्यंत लपवायचं ठरवलं होतं, पण पोटात राहीना. बिचारी इतकी दमून आली होती की ऐकायचं त्राण नव्हतं तिला. तरी मला उठवून कामावर पाठवलं. माझ्या आयुष्यात कधी खाडा झाला नाही तो हिच्यामुळे."

मुकादमाने मान हलवली आणि तो उठून गेला. आजूबाजूच्या खाटांवर सामसूम होती. वहिनीने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. ती तिच्याच तळघरातून आलेली होती. गप्प बसायचं असतं तर आता सगळ्यात सोपं होतं. त्याने तिला स्वतःच दमलेली ठरवून टाकलं होतं.

"मी दमले नव्हते," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"तुमची झोप झाली नव्हती हे मला कळत होतं. गादी गार असायची, केस ओले असायचे. मला वाटलं तुम्ही दुसऱ्या बाईकडे जाता. म्हणून पाठवलं. राहू का म्हणालात, तरी पाठवलं."

उरलेल्या हाताने त्याने उशी जरा वर ओढायचा प्रयत्न केला, ती सरकेना. वहिनी मदतीला वाकली तर त्याने तिचा हात हळूच बाजूला केला.

"रोज बघत होतीस?"

"रोज."

"मग एकदा विचारायचंस."

तो डोळे मिटून पडला, आणि तो झोपलाय की नुसता पडलाय हे तिला ओळखता येईना.