प्रमुख पाहुणे आणि पाचवी बोट

सौदीत एखाद्याची फायनल एक्झिट लागली, म्हणजे तो कायमचा घरी निघाला, की त्याच्या सामानाची यादी व्हॉट्सॲपवर फिरते. डबलबेड, मिक्सर, कढीपत्त्याच्या कुंड्यांसकट सगळं. बारा वर्षांपूर्वी जुबैलला आमच्या प्लँटवरचा एक स्कॉटिश म्हातारा असाच निघाला. त्याच्याकडे मी मायक्रोवेव्ह मागायला गेलो आणि बोट घेऊन आलो. बायकोने विचारलं, "आणि अन्न कशात गरम करायचं?" हा प्रश्न आमच्या घरात अजूनही अधूनमधून विचारला जातो.

बोट म्हणजे कॅटमरान. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, मधे ताणून बांधलेली जाळी, एक डोलकाठी, दोन शिडं. इंजिन नाही. जाळीवर दोघांनी बसायचं (शर्यतीत एकट्याला सोडतच नाहीत) आणि वारा नेईल तिकडे न जाता आपल्याला हवं तिकडे जायचं, एवढीच त्यातली कला. बोट शर्यतीसाठीच बनवलेली, पण मी कॉलेजात होतो तेव्हाची. त्या बनावटीच्या सगळ्या बोटी हुबेहूब सारख्या, म्हणून शर्यतीत त्यांचा एक क्लास धरतात. त्यांचा स्टार्ट वेगळा, निकाल वेगळा. आता तो क्लास म्हातारा झाला. नव्या बोटी पाण्याच्या वर उचलल्या जाऊन उडतात, आणि त्यांचे मालक आमच्याकडे तिरकी करून चालू करायच्या स्कूटरकडे बघावं तसे बघतात.

माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. जाळीवर बसवलं की रडायची थांबायची, म्हणून मी तिला दर शुक्रवारी न्यायला लागलो. दहाव्या वर्षी शिडाची दोरी तिच्या हातात आली. पंधराव्या वर्षी तिने सुकाणूही घेतलं आणि मला सांगितलं, "बाबा, तू फक्त मी सांगेन तिकडे सरक." तेव्हापासून बोटीवर माझा हुद्दा वजनाचा. प्लँटवर माझ्या हाताखाली साठ माणसं आहेत, पण खरं सांगतो, आठवड्यातला सर्वांत सुखाचा वेळ तोच.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर आमच्या सेलिंग क्लबच्या फळ्यावर नोटीस लागली. यंदाच्या मोठ्या शर्यतीत ज्या क्लासच्या किमान पाच बोटी स्टार्ट लाइन ओलांडणार नाहीत, त्या क्लासचा वेगळा स्टार्ट बंद, आणि वाळूवर बोटी ठेवायची जागाही काढून घेणार. आमच्या जागेवर भाड्याच्या वॉटर स्कूटर ठेवायचं घाटत होतं. आमच्या क्लासच्या पाण्यात उतरू शकणाऱ्या बोटी तेव्हा दोन. एक आमची, एक एका फिलिपिनो जोडप्याची. मुलगी बारावीला होती. परीक्षा झाली की पुण्याला शिकायला जाणार. ती नोटीस वाचून एवढंच म्हणाली, "बाबा, वन लास्ट प्रॉपर रेस. अपनी क्लास में." आमच्याकडे वाक्य एकाच भाषेत पुरं होत नाही.

मग आम्ही काम वाटून घेतलं. बोटी जमवणं तिच्याकडे, क्लासचा प्रसार माझ्याकडे.

प्रसार म्हटल्यावर मी इथल्या मराठी मंडळाकडे गेलो. आमच्या मंडळात पुण्या-मुंबई-नाशिकचे इंजिनिअर आहेत. हजार अंशांच्या भट्ट्या चालवतात, पण शनिवारचा पाण्याचा टँकर दुपारी येणार की संध्याकाळी यावरून घाबरतात. त्यांच्यापुढे मी चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन केलं. पहिला प्रश्न आला, "ॲव्हरेज काय देते?" म्हटलं, वाऱ्यावर चालते. "ते झालं हो, पण तरी?" दुसरा प्रश्न, "रिसेल काय?" तिसरा प्रश्न सेफ्टीवाल्या गृहस्थांचा: समुद्रात उतरण्याच्या परमिटवर सही कुणी करायची? मग एक ज्येष्ठ काका उठले. कॅटमरान हा शब्द मूळचा तमिळ, म्हणजे आपलाच, म्हणजे ही बोट आपली, इंग्रजांनी ती चोरली, आणि आपल्या आरमारापुढे तर... असं पंचवीस मिनिटं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी त्यांना विचारलं, "काका, या शुक्रवारी एक फेरी मारू या?" ते म्हणाले, "मला थंड वारा सोसत नाही."

पण समिती झाली. मराठी माणूस पाण्यात उतरेल न उतरेल, समितीत उतरतोच. व्हॉट्सॲप ग्रुप झाला, त्यावर रोज सकाळी गुलाबाची फुलं यायला लागली. लोगोत सूर्य उगवता हवा की मावळता, यावर दोन आठवडे गेले. आपण पूर्व किनाऱ्यावर आहोत हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि उगवता ठरला. टी-शर्टचे साईज गोळा करण्यात तीन आठवडे गेले, कारण कुणालाच स्वतःचा साईज मान्य नव्हता. ग्रुपवर शंभरावर माणसं झाली. त्यातल्या एकानेही बोटीला हात लावला नव्हता, आणि मी घरी येऊन मुलीला सांगायचो, "बघ, केवढा रिस्पॉन्स आहे."

ती तोवर क्लबच्या मागच्या अंगणात पालथ्या पडलेल्या तिसऱ्या बोटीचं बूड घासत असायची. त्या बोटीवर तिने तिच्या शाळेच्या फिजिक्सच्या बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला बसवलं. चौथी बोट रियाधला, समुद्रापासून चार तासांवर, अल सुलैच्या एका गोदामाच्या आवारात मिळाली. तिथला चौकीदार तिच्या जाळीवर मिरच्या वाळवत होता. ग्रुपवर आमच्या बोटीचे फोटो बघून ती ओळखली रियाधच्याच दोघा बँकवाल्या मराठी पोरांनी, आणि ट्रकवर टाकून आणलीसुद्धा. माझ्या प्रसाराला आलेलं हे एकमेव फळ, तेव्हा ते नोंदवून ठेवतो. पाचवी दोन सौदी बहिणींनी खोबरहून विकत आणली. दोघी नर्स. कुठलाही प्रश्न न विचारता पहिल्याच दिवशी पाण्यात पडल्या आणि हसत वर आल्या.

फ्रिजवर मुलीने यादी लावली होती, एक ते पाच. क्रमांक एकवर आम्ही. बाकीच्या चारांपुढे कधी प्रश्नचिन्ह, कधी फुली, कधी परत प्रश्नचिन्ह. बाईंच्या नवऱ्याची पाठ धरली, बँकवाल्यांना रजा मिळेना, फिलिपिनो जोडप्याचं सुकाणू तुटलं. रोज संध्याकाळी ती एकेकाला फोन करायची. आमच्या नावापुढे मात्र पहिल्याच दिवशी बरोबरची खूण केली होती, आणि तिकडे पुन्हा बघायची कुणाला गरज वाटली नाही.

शर्यत शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, ठीक दोन वाजता. आता एवढा मोठा कार्यक्रम प्रमुख पाहुण्यांशिवाय कसा करायचा? समितीने रियाधहून एक बडे मराठी साहेब बोलावले. त्यांच्या सहीशिवाय कंपनीत पाइपसुद्धा वाकत नाही. वाळूवर मांडव पडला, खुर्च्या आल्या, माईक आला. कार्यक्रमपत्रिका मी स्वतः केली: दीडला आगमन, मग पुष्पगुच्छ, मग दोन शब्द, आणि दोन वाजता पाहुण्यांच्या हस्ते हिरवा झेंडा. पाण्यातल्या पंच बाईंना मी झेंड्याची कल्पनाही देऊन ठेवली होती. त्या साठीच्या, उन्हाने रापलेल्या बाई म्हणाल्या, "यू कॅन वेव्ह एनीथिंग यू लाइक. आय स्टार्ट ॲट टू." मला वाटलं, गोऱ्यांची बोलायची पद्धत असते एकेक.

दीड वाजता पाहुण्यांचा फोन आला, पेट्रोल भरतोय, पाच मिनिटांत पोचतो. पावणेदोनला आला, पाच मिनिटांत पोचतो. चार बोटी पाण्यात गेल्या. मुलगी गुडघाभर पाण्यात आमची बोट धरून उभी होती. अंगात लाइफ जॅकेट, दुसऱ्या हातात माझं जॅकेट.

"बाबा, चल."

"आलोच. पाहुणे येऊ देत."

"दे वोन्ट वेट, बाबा."

"अगं, पाहुणे आल्याशिवाय स्टार्ट कसा देतील?"

हे मी मनापासून म्हणालो. पन्नास वर्षांच्या आयुष्यात पाहुण्यांसाठी न थांबलेला एकही कार्यक्रम मी पाहिला नव्हता. लग्नाचे मुहूर्त थांबताना पाहिले, तिथे बोटींचं काय! पाच मिनिटं आधीचा इशाऱ्याचा भोंगा झाला, तेव्हाही मी घड्याळाकडे न बघता रस्त्याकडे बघत होतो.

दोनला तीन मिनिटं असताना गाडी आली. पुष्पगुच्छ दिला. तो नीट धरून फोटो, मग फोटोग्राफरसाठी परत एकदा. तेवढ्यात समुद्रावरून लांबलचक भोंगा वाजला. पाहुण्यांना वाटलं, आपल्या स्वागताचाच आहे. त्यांनी समुद्राकडे तोंड करून हात जोडले. मला वाटलं, हा आणखी एक इशारा असेल. वाटलं कसलं, वाटून घेतलं. पाहुणे म्हणाले, "क्लासबद्दल तुम्हीच सांगा, तुमच्यासारखा जाणकार कोण," आणि माईक माझ्या हातात आला.

मी बोललो. फार छान बोललो, असं नंतर सगळे म्हणाले. जुन्या बोटी, नवी माणसं, एकमेकांना धरून राहणं. आणि हात लांब करून म्हणालो, "ही पाहा आपली ताकद! पाच बोटी!" समोर सगळे मोजायला लागले, म्हणून मीही मोजल्या. एक, दोन, तीन, चार. चारही लाइन ओलांडून पहिल्या बॉयाकडे, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणेकडे, निघालेल्या. मग मी खाली पाहिलं. ती तशीच उभी होती, एका हातात बोट, दुसऱ्या हातात माझं जॅकेट.

स्टार्टनंतर दहा मिनिटांच्या आत लाइन ओलांडली तर बोट शर्यतीत मोजतात. मी माईक पाहुण्यांच्या हातात कोंबला आणि ब्लेझर आणि बुटांसकट पाण्यात धावलो. आम्ही लाइन ओलांडली तेव्हा चौदावं मिनिट चालू होतं. पंच बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मुलीने पुरी शर्यत चालवली, तीन फेऱ्या, सगळ्यांच्या मागे. मला कुठे सरकायचं ते तेवढं सांगत होती. मी सॉरी म्हणालो तेव्हा म्हणाली, "बाबा, डावीकडे."

फळ्यावर निकाल लागला. चार बोटींपुढे क्रमांक, आमच्यापुढे शेरा: स्टार्ट नाही. क्लास भरला नाही. संध्याकाळी मांडवात पाहुण्यांच्या हस्ते क्लासच्या प्रसाराबद्दल मला शाल आणि श्रीफळ मिळालं. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. काकांनी लिहिलं, आरमाराची परंपरा जिवंत आहे. मला ती शाल टोचत होती, आणि तरी मी ती खांद्यावरून काढली नाही, कारण फोटो चालू होते. मुलगी मागच्या खुर्चीवर बसून शिडाची ओली दोरी उलगडत होती. लाज वाटायला मला घरी पोचावं लागलं, पण मग ती पुरेपूर वाटली.

जागा गेली. आता तिथे पिवळ्या वॉटर स्कूटर असतात. मुलगी पुण्याला गेल्यावर आमची बोट न्यायला मी ट्रेलर घेऊन गेलो. किनाऱ्यावर बोटी ढकलायला मदत करणारा एक मलबारी गृहस्थ आहे, माझ्याच वयाचा. दोरी आवळता आवळता तो सहज म्हणाला, "साब, उस दिन मैं बेटी को बोला था, मैं साथ में बैठता है, दो आदमी हो जाएगा, तुम स्टार्ट करो. वो बोली, नहीं अंकल, मेरे बाबा आ रहे हैं."

नदी ओलांडून आलेल्या दहा मूर्खांची गोष्ट मी तिला लहानपणी सांगायचो. जो तो मोजताना स्वतःला विसरतो, नऊच भरतात, आणि एक बुडाला म्हणून सगळे रडत बसतात. ती पोट धरून हसायची. मी त्या दहांहून हुशार. मी मोजायला सुरुवातच स्वतःपासून केली होती. तिनेही माझ्यापासूनच केली होती.