गुडघ्याखालचा कप्पा

“खाली? आत्या, तू माझी कादंबरी खाली ठेवलीस?”

“खाली म्हणजे काय जमिनीवर टाकली? कप्प्यात ठेवलीय. फडक्याने पुसून.”

“गुडघ्याखालच्या कप्प्यात!”

“मग? ज्याला हवी तो वाकेल. वाकल्याने कंबर मोकळी होते.”

“मी तुझा सख्खा भाचा आहे!”

“म्हणून तर पुसली.”

टेबलापाशी पुस्तक बदलायला आलेल्या निवृत्त नर्सबाईंनी खोकल्याच्या निमित्ताने तोंडावर रुमाल धरला. भाच्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाईंना एकदम कपाटातल्या खूनकथा आठवल्या आणि त्या तिकडे सरकल्या. कान मात्र जागच्या जागी ठेवून गेल्या.

आत्याचं वाचनालय म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरची, पूर्वी स्कूटर ठेवायची जागा. शटर वर केलं की वाचनालय उघडं, खाली ओढलं की बंद. भिंतभर फळ्या होत्या, पण खरी सत्ता चालायची ती दारालगतच्या तीन कप्प्यांत. नवं आलेलं प्रत्येक पुस्तक आत्या स्वतः शेवटपर्यंत वाचायची आणि मगच त्याची जागा ठरवायची. डोळ्यांसमोरचा कप्पा म्हणजे ‘बिनघोर न्या’. कमरेजवळचा म्हणजे ‘चालेल, प्रवासात बरं’. गुडघ्याखालच्या कप्प्याबद्दल ती काही बोलायचीच नाही, नुसती भुवई उडवायची. सभासद पाठीमागे तिला चाळणीबाई म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि आवडायचंही.

या कप्प्याने भल्याभल्यांना दुखावलं होतं. एका न्यायाधीशांचं आत्मचरित्र तिथे गेलं, तेव्हापासून ते आत्या दिसली की पलीकडच्या फुटपाथवर जायचे. “जाऊ देत,” आत्या म्हणायची, “पुस्तकातही तसंच आहे. अडचणीचं काही आलं की पलीकडे.” खुद्द नवऱ्याने लग्नानंतर तिच्यावर केलेल्या कवितांचा छापील संग्रह तिने तिथेच ठेवला होता. कविता अजून तिथेच आहेत. नवराही अजून घरातच आहे.

भाच्याचं प्रकरण मात्र वेगळं होतं. त्याला वाचनाचं वेड लावलं ते आत्यानेच. याच फळ्यांच्या बेचक्यात बसून तो मोठा झाला. आपल्याला मुली नाही, मुलगे आवडतात, हे घरात सगळ्यांत आधी त्याने तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, “कोण रे तो? सभासद आहे का आपला?” आता त्याने पहिली कादंबरी लिहिली होती, कॉलेजातल्या दोन मुलांची प्रेमकथा. ती येणार म्हणून घरात नुसती धाकधूक. त्याच्या बापाने, म्हणजे आत्याच्या भावाने, दार लावून घेऊन ती वाचली आणि बाहेर येऊन हिरमुसल्या आवाजात विचारलं, “एवढंच?” आईने शेजारणींसाठी सणसणीत उत्तरं पाठ करून ठेवली होती, ती सगळी वाया गेली. कुणी तोंडच उघडलं नाही. उलट वरच्या मजल्यावरची म्हणाली, “किती सोज्वळ! आमच्या मुलाला वाढदिवसाला हीच दिली.” भूकंप होणार म्हणून सगळ्यांनी घराबाहेर येऊन उभं राहावं आणि कपातला चहासुद्धा हिंदकळू नये, तशी गत.

जो तो म्हणायचा, छान आहे, मुखपृष्ठ तर फारच छान. त्यामुळे भाच्याची सगळी भिस्त आत्यावर होती. ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. तिने वर ठेवलं तर पुस्तक खरंच जमलं. आणि आत्याचं दुखणंही तेच होतं. खोटं बोलावं, तर यापुढे तिचं खरंही त्याला खरं वाटणार नाही. खरं बोलावं, तर हा पोरगा पुन्हा लिहायला बसेल की नाही, कोण जाणे.

“बरं, सांग,” भाचा हाताची घडी घालून म्हणाला, “नक्की कमी काय आहे?”

“भांडण.”

“काय?”

“अख्खं पुस्तकभर ते दोघं एकमेकांशी इतके शहाण्यासारखे वागतात, की मला वाटलं शेवटी पावती फाडतायत की काय. आणि तो दुसरा मुलगा! डोळे तळ्यासारखे, दात मोत्यांसारखे. रागावत नाही, घोरत नाही, चुकत नाही. अरे, असा माणूस शेजारी झोपला, तर मी उठून नाडी बघेन.”

“बघावीच,” कपाटामागून नर्सबाई म्हणाल्या.

भाच्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “आत्या, लोक आमच्यात खोट काढायला टपलेलेच असतात. त्यात मी या दोघांना भांडताना दाखवू? म्हणजे आयतं कोलीत त्यांच्या हातात! आणि एखादा शाळकरी मुलगा वाचेल हे, घरच्यांपासून लपवून. त्याला वाटू दे ना, की आपल्याही वाट्याला काही सुंदर येऊ शकतं!”

आत्याने टेबलावरची पुस्तकं उगाच सरळ केली.

“खरंय,” ती म्हणाली. “पण त्या मुलाला उद्या खरोखर कुणी भेटलं आणि पहिल्याच आठवड्यात जुंपली, तर तो तुझी कादंबरी आठवेल आणि म्हणेल, माझंच काहीतरी चुकलं.”

“ते काही नाही. मला वकीलपत्र हवंय!”

वकीलपत्र ही वाचनालयाची जुनी रीत. खालच्या पुस्तकाची बाजू कुणाही सभासदाने घ्यावी. पुस्तक न उघडता, त्यातली मनात राहिलेली एक जागा सगळ्यांसमोर सांगावी. ऐकणाऱ्यांना भिडली, तर पुस्तक वर. लेखकाला मात्र स्वतःचं वकीलपत्र घेता येत नसे. नाहीतर न्यायाधीश केव्हाच वर चढले असते.

भाच्याने फोन लावला आणि पलीकडच्या गल्लीतून त्याचा जोडीदार धावत आला. तो कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होता. सगळे त्याला दातवाला म्हणत. कोपरापर्यंत प्लास्टरची पांढरी पूड.

“एवढं काय तातडीचं? एक जबडा ओला सोडून आलोय.”

“माझं वकीलपत्र घे.”

दातवाल्याने खालच्या कप्प्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. “घरच्या माणसाचं चालतं का, आत्या?”

“सभासद आहेस ना? पुस्तक वाचलेलं असलं म्हणजे झालं.”

“वाचलंय की!” तो जरा जास्तच जोरात म्हणाला.

नर्सबाई खूनकथा पोटाशी धरून आल्या आणि स्टुलावर ऐसपैस बसल्या.

“मला ना,” दातवाल्याने मान खाजवली, “ती दाताची जागा फार आवडली. म्हणजे, चेंडू लागून एकाचा पुढचा दात तुटतो. दुसरा नुकताच लॅबमध्ये उमेदवारीला लागलेला. तो खपून खपून त्याला एक काढता-घालता दात करून देतो. आणि रंग चुकतो! साफ पिवळा. बाकीचे पांढरे आणि मधेच हा, जुन्या स्विचबोर्डाच्या बटणासारखा. पण हा वेडा तोच दात लावून कॉलेजात जातो. एरवी तोंडावर हात धरून हसणारा, तो सगळ्यांसमोर जबडा उघडून हसतो. कशावरही! मग कुणीतरी मला सांगतं, की रंग... मला म्हणजे त्याला. तो जिन्यात गाठून विचारतो, सांगितलं का नाहीस? तर हा म्हणतो, तू केलायस ना, मग हाच माझा. असे भांडले दोघं त्या जिन्यात! पण भांडता भांडता दात करणाऱ्याला पहिल्यांदा वाटलं, की हा सोडून गेला तर आपलं काही खरं नाही.”

नर्सबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला, या वेळी खोकला न काढता. “वर ठेवा हो! ही जागा माझी सुटली कशी? डुलकी लागली असणार.”

आत्या वाकली, कादंबरी उचलली. तिने ती दोनदा वाचली होती, जागेपणी. तिच्यात मोत्यांखेरीज दुसरा दात नव्हता. आता नुसता हात उंच करायचा, की काम झालं. निकाल नर्सबाईंनी दिलेला, खोटं दातवाल्याचं, आपण नामानिराळे. भाच्याकडे पाहिलं, तर त्याचा रंग उडालेला.

हात काही वर जाईना.

“कुठल्या प्रकरणात आहे रे ही जागा?” तिने विचारलं.

“असेल की मधे कुठेतरी,” दातवाला म्हणाला. “ती नसून कसं चालेल?” मग भाच्याकडे वळून, हळूच, “आहे ना?”

“तू वाचलंच नाहीस,” भाचा म्हणाला.

“वाचत होतो रे! तळ्यासारख्या डोळ्यांपर्यंत पोचलो. आधी राग आला, म्हटलं हा कोण मोत्याच्या दातांचा? मग कळलं, की मीच. पुढे धीरच झाला नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू इतका खुशीत होतास...” दातवाला पूड झटकत म्हणाला. “आणि तू तरी तेव्हा मला रंगाचं कुठे सांगितलं होतंस?”

नर्सबाईंनी खूनकथा मांडीवर उपडी ठेवली.

“हे सगळं तुझ्या घरात होतं,” आत्या भाच्याला म्हणाली. आवाजातला खट्याळपणा गेला होता. “पिवळा दात, तो जिना, ते भांडण. ते सोडून तू मोती कशाला शोधत बसलास? आणि आता हे मी ठेवू कुठे, ते तूच सांग.”

“कुठेच नको,” म्हणत भाच्याने तिच्या हातातली कादंबरी काढून घेतली, दातवाल्याच्या बाजूने वाट काढली आणि तडक रस्त्यावर निघून गेला.