पाचपैकी पाच

ऑफिसची सहल नागपूरबाहेरच्या एका कॅम्पवर निघायची होती. त्याआधी सगळ्यांना एक फॉर्म आला. धाडसी खेळांची तुम्हाला कितपत आवड आहे? एक ते पाच यांपैकी आकडा लिहा. मी पाच लिहिला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. तालुक्याच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं की कागदावरचे मार्क कधी सोडायचे नाहीत. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. उंचीला घाबरतो, हे मात्र लिहिलं नाही.

शेजारच्या टेबलावरची सहकारी माझ्यासारख्याच शाळेतली. डबा खाताना आम्ही दोघंच गावची बोली बोलायचो. तिने एक लिहिला.

"काहून वं? नापास होशील."

"जे हाय ते लिहिलं. तू तं जसा झाडावरच जन्मला!"

सरांना नव्या टीमसाठी लीडर निवडायचा होता. आम्हा दोघांचीच नावं पुढे होती, आणि सर सहलीत माणसं पारखणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी फॉर्म पाहून जोड्या लावल्या. पाचवाल्याने एकवाल्याला धीर द्यायचा.

उंच मनोऱ्यावरून तलावापलीकडे तारा गेल्या होत्या. जोडीने लटकून जायचं. वर पोचलो आणि माझे हात कठड्यावरून सुटेनात. ती पट्टे बांधून काठावर उभी होती. ओठ पांढरे पडले होते, पण तयार होती.

"चाल ना गा. मी हावो ना."

मी हललो नाही. शेवटी तिने पट्टे सोडवून घेतले, माझी बोटं एकेक करून कठड्यावरून काढली आणि मला शिडीने खाली आणलं.

खाली सर उभे. "काय झालं?"

"ही घाबरली, सर. म्हटलं, एकटीला कसं सोडू?"

सगळे हसले. "एक उगाच नाही लिहिला तिने," म्हणत सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी चहाकडे वळलो.

लीडर मी झालो. पेढे वाटले तेव्हा तिनेही एक घेतला. डबा धरलेल्या माझ्या हाताकडे पाहत हळूच म्हणाली, "अजून थरथरूनच राहिले गा तुझे हात."

यंदाही फॉर्म आले. तिने पुन्हा एक लिहिला, मी पाच. आता जोड्या मी लावतो, आणि जोड्या लावणारा खालीच उभा राहतो. तिला मी नाश्त्याच्या कामाला लावलं. नावापुढे शेरा लिहिला: उंचीची भीती, वर पाठवू नये.